मांडवीकाठचं वाद्य बेसूर कसं झालं?

पणजी शहरातून मिरामारच्या किनाऱ्याकडे निघालं, की उजव्या हाताला मांडवी सोबत चालू लागते. कांपालच्या जुन्या झाडांच्या सावलीत, रस्ता आणि नदी यांच्या मधोमध, एक लांबट आणि बुटकी इमारत लागते. राज्याचं सांस्कृतिक केंद्र म्हटल्यावर डोळ्यांपुढे येतो घुमट, जाडजूड खांब, पायऱ्यांचा डोंगर आणि दारावर शिट्टी वाजवणारा पहारेकरी. इथे यातलं काहीच नाही. शेजारच्या झाडांपेक्षा उंच व्हायची या इमारतीला हौसच नाही. ही गोव्याची कला अकादमी.

इथे पहिल्यांदा येणाऱ्याची एक गंमत हमखास होते. तो दरवाजा शोधतो. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी मुख्य प्रवेशाला दरवाजा ठेवलाच नव्हता. वर काँक्रीटच्या पट्ट्यांचा मांडव, त्याखाली ऐसपैस ओसरी, आणि ओसरीतून सरळ चालत गेलं, की थेट नदी! नाटकाचं तिकीट काढलेला, संगीताच्या वर्गाला मुलीला सोडायला आलेला बाप, कॉलेज बुडवून कँटीनकडे निघालेली पोरं, नुसताच वारा खायला आलेला म्हातारा, सगळ्यांची वाट एकच. गोव्यातल्या जुन्या घरांना पुढे बसायचे कट्टे असलेला सोपा असतो, त्याला तिथे बालकांव म्हणतात. येणाऱ्या-जाणाऱ्याची विचारपूस करायची ती जागा. कोरियांनी अख्ख्या राज्यासाठी एक बालकांव बांधला, असं म्हटलं तर वावगं ठरणार नाही.

या इमारतीची गोष्ट सुरू होते १९७० मध्ये. गोवा १९ डिसेंबर १९६१ ला पोर्तुगीजांच्या ताब्यातून सुटला, त्याला जेमतेम नऊ वर्षं झाली होती. १९६७ च्या जनमत कौलात गोव्याने महाराष्ट्रात न जाता वेगळं राहायचं ठरवलं होतं. विलीनीकरणाचा पुरस्कार करणारे दयानंद बांदोडकर कौलात हरले, पण त्याच वर्षीच्या निवडणुकीत जिंकून पुन्हा मुख्यमंत्री झाले. कला अकादमी ही संस्था त्यांच्याच कारकिर्दीत उभी राहिली. इमारत मात्र त्यांना पाहता आली नाही. १९७३ मध्ये त्यांचं निधन झालं आणि कांपालची वास्तू पूर्ण झाली १९८३ मध्ये. गोव्याला घटकराज्याचा दर्जा मिळाला ३० मे १९८७ ला. म्हणजे राज्य व्हायच्या आधी चार वर्षं या चिमुकल्या मुलखाने स्वतःसाठी नाट्यगृह बांधून ठेवलं होतं. अवघं ३,७०२ चौरस किलोमीटरचं क्षेत्रफळ आणि २०११ च्या जनगणनेत साडेचौदा लाखांच्या आसपास लोकसंख्या. आपल्याकडच्या एखाद्या मध्यम जिल्ह्यातही यापेक्षा जास्त माणसं राहतात.

पण कलावंतांची मोजदाद करायला बसलं, तर हिशेब उलटा होतो. केसरबाई केरकर केरीच्या, मोगूबाई कुर्डीकर कुर्डीच्या, जितेंद्र अभिषेकी मंगेशीचे आणि मास्टर दीनानाथही मंगेशीचेच. मराठी संगीत रंगभूमीतून गोवा वजा केला, तर बाकी काय उरेल याचा विचार करून पाहावा. अकादमीच्या मुख्य नाट्यगृहाला दीनानाथ मंगेशकर कलामंदिर हे नाव आहे, ते उगीच नाही. दीनानाथांचा जन्म १९०० चा. १९१८ मध्ये, म्हणजे अठराव्या वर्षाच्या आतबाहेर, हा मुलगा ‘बलवंत संगीत मंडळी’चा एक संस्थापक झाला होता.

दुसरीकडे तियात्र. १७ एप्रिल १८९२ ला मुंबईत पहिलं तियात्र झालं. पोटासाठी मुंबईत आलेल्या गोवेकरांनी कोकणीतून उभं केलेलं हे नाटक. त्यात मध्येच गाणी येतात, त्या गाण्यांतून पुढाऱ्यांची बिनपाण्याने होते आणि प्रेक्षक जागेवरून दाद देतात. तिसरीकडे देवळांच्या उत्सवात गावकऱ्यांनीच बसवलेली मराठी नाटकं. दुकानदार राजा होतो, शिक्षक प्रधान होतो, आणि रात्रभर गाव जागतं. भाषेच्या वादात गोव्याची डोकी अनेकदा तापली. पण कला अकादमीच्या रंगमंचावर मराठी नाट्यस्पर्धा झाली, कोकणी झाली, तियात्राचीही झाली. विंगेतल्या खिळ्यावर आज पगडी टांगलेली, उद्या कोट. एका वर्गात तबला, दुसऱ्यात व्हायोलिन. वादाचं गाठोडं ओसरीवर ठेवून आत जायची सोय गोव्यात फार ठिकाणी नाही, ती इथे होती.

आता खुद्द इमारतीकडे वळू. कोरियांचं मूळ घराणं गोव्याचं, जन्म १९३० चा, सिकंदराबादचा. महाराष्ट्राला ते ठाऊक आहेत नवी मुंबईच्या आखणीमुळे, मुंबईतल्या ‘कांचनजंगा’ इमारतीमुळे आणि पुण्याच्या ‘आयुका’मुळे. अहमदाबादचं गांधी स्मारक संग्रहालय आणि भोपाळचं भारत भवनही त्यांचंच. त्यांच्या सगळ्या कामात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. आपल्या हवेत माणसाला चोवीस तास बंद खोली नको असते. सकाळी अंगण, दुपारी सावलीची ओसरी, संध्याकाळी गच्ची, असा त्याचा मुक्काम दिवसभर हलत असतो. म्हणून इमारतीत आकाशालाही एक खोली द्यायची! कांपालला त्यांनी तेच केलं. साधारण हजार आसनांचं बंद नाट्यगृह, दोनेक हजार माणसं बसतील असं खुलं नाट्यगृह, नव्या प्रयोगांसाठी ‘ब्लॅक बॉक्स’ म्हणतात तसली छोटी जागा, आणि या सगळ्यांना जोडणाऱ्या ओसऱ्या.

बंद नाट्यगृहात तर त्यांनी एक खोडसाळपणाही केला. बाजूच्या भिंतींवर जुन्या पोर्तुगीज धाटणीच्या नाट्यगृहासारखे सज्जे रंगवून घेतले आणि त्या सज्ज्यांत बसवले खोटे प्रेक्षक. रंगवणारा माणूस कोण, तर मारिओ मिरांडा! नटूनथटून आलेल्या जाड्या बायका, पेंगणारे नवरे, नाटकापेक्षा शेजारणीकडे बघणारे रसिक. प्रयोगाला बुकिंग कमी झालं, तरी नाट्यगृह पूर्ण रिकामं कधी नसायचं.

नाट्यगृहाची खरी परीक्षा मात्र डोळ्यांनी होत नाही, कानांनी होते. ही गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यावरून घडलं.

१८९५ मध्ये अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात एक नवं व्याख्यानगृह बांधून झालं होतं. दिसायला देखणं, पण वक्ता काय बोलतो ते कुणाला कळेना. उच्चारलेला शब्द पाचेक सेकंद घुमत राहायचा आणि तेवढ्यात त्याच्यावर पुढचे दहा-पंधरा शब्द येऊन आदळायचे. वॉलेस सेबिन या तरुण प्राध्यापकाला सांगण्यात आलं, काहीतरी कर. त्याने शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणल्या. रात्री सामसूम झाली, की ऑर्गनची नळी वाजवायची आणि आवाज पूर्ण विरेपर्यंतचा वेळ घड्याळावर मोजायचा. मग दहा गाद्या आणखी ठेवायच्या, पुन्हा मोजायचं. पहाटे सगळ्या गाद्या परत जागेवर! अशा रात्रींमागून रात्री घालवल्यावर त्याच्या हाती नियम लागला. खोलीचं आकारमान किती आणि आतल्या वस्तू आवाज किती शोषतात, यावर घुमारा ठरतो. १९०० मध्ये उघडलेलं बॉस्टनचं सिंफनी हॉल या नियमावर बेतलेलं होतं. जगातल्या उत्तम संगीतगृहांत त्याचं नाव अजूनही घेतात.

म्हणजे खुर्चीची गादी, खालचा गालिचा, भिंतीवरचं लाकूड, वरचं छत, इतकंच काय, बसलेला माणूससुद्धा आवाज पीत असतो. घुमारा मुळीच नसला, तर गाणं कोरडं वाटतं. जास्त झाला, तर संवाद चिखलात रुततो. नाटकाच्या संवादांना साधारण एक सेकंदाचा घुमारा पुरतो, पाश्चात्त्य वाद्यवृंदाला जवळपास दोन सेकंद लागतात. गोव्याची अडचण अशी, की इथे एकाच रंगमंचावर ख्याल, तियात्र, नाटक आणि व्हायोलिनवृंद या सगळ्यांना जागा द्यायची होती. कांपालच्या नाट्यगृहाने हा तोल चांगला सांभाळला, असं तिथे गायलेली-बोललेली माणसं वर्षानुवर्षं सांगत आली. तिथला आवाज हीच तिथली प्रतिष्ठा होती. अशी वास्तू म्हणजे एक मोठं वाद्यच. तंबोऱ्याचा भोपळा बदलला आणि वरून कितीही सुरेख पॉलिश केलं, तरी तंबोरा तोच राहत नाही.

बांधकामाच्या दृष्टीने मात्र ही जागा अवघड. पणजीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. मांडवी इथे समुद्राला भेटायच्या तयारीत असते, त्यामुळे वारा खारा. काँक्रीटला बारीक भेगा पडल्या, की त्यांतून मीठ आणि ओल आतल्या सळईपर्यंत पोचते. सळई गंजते, गंजल्यावर फुगते, आणि फुगताना भोवतालचं काँक्रीट आतून फोडते. किनाऱ्यावर फ्लॅट घेतलेल्यांना हे सांगायला नको. यावर जादूचा इलाज नाही. दरवर्षी थोडं थोडं करत राहायचं, एवढंच. पण आपल्याकडे उद्घाटनाचं बजेट असतं, डागडुजीचं नसतं. वरवरचा रंग द्यायचा, गळती दिसली की पत्रा टाकायचा, आणि इमारत पुरती थकली, की ‘पाडा आणि नवी बांधा’ अशी हाक द्यायची.

२०१९ मध्ये तेच झालं. खुलं नाट्यगृह धोकादायक झालंय, तेव्हा ते पाडावं, असा विचार तत्कालीन कला-संस्कृती मंत्री गोविंद गावडे यांनी मांडला. गावडे हे स्वतः रंगभूमीवरचे कलावंत, त्यामुळे धक्का दुहेरी होता. पणजीतलं ‘चार्ल्स कोरिया फाउंडेशन’ विरोधात उभं राहिलं, देशभरातल्या वास्तुरचनाकारांनी आवाज उठवला, मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. कोरिया हे पाहायला नव्हते, २०१५ मध्येच ते गेले. पाडकाम टळलं आणि ठरलं, की दुरुस्ती करायची.

२०२१ मध्ये दुरुस्तीसाठी अकादमी बंद झाली. चाळीस कोटींच्या घरातलं काम, तेही निविदा न काढता दिलेलं. विधानसभेत यावर गदारोळ झाला, तेव्हा मंत्र्यांनी दाखला दिला, तो ताजमहालाचा. शहाजहानने तरी कुठे कोटेशनं मागवली होती, असा त्यांचा मुद्दा होता. मुद्दा ऐतिहासिकदृष्ट्या खोडता येणार नाही. फक्त शहाजहान स्वतःला बादशहा म्हणवत होता आणि त्याला विधानसभेत उत्तर द्यायचं नव्हतं, एवढाच फरक. पुढे खर्च पन्नास कोटींच्या वर गेला.

या दिवसांत गोव्याच्या नाटकवाल्यांची परवड झाली. फोंड्याचं राजीव गांधी कलामंदिर, मडगाव आणि इतर ठिकाणची रवींद्र भवनं होती, त्यांच्यावर काम भागलं. पण राजधानीतली हक्काची जागा गेली. ज्या मुलांची रंगमंचावर पाय टाकायची वर्षं नेमकी तेव्हाच होती, त्यांनी कांपाल पाहिलंच नाही. नाटकातली दोन-तीन वर्षं म्हणजे एका पिढीतली आख्खी तुकडी असते, हे कुठल्याही हौशी संस्थेला विचारा.

आणि मग १७ जुलै २०२३ उजाडला. ऐन पावसाळ्यात, पहाटेच्या सुमारास, खुल्या नाट्यगृहाच्या रंगमंचावरचा स्लॅब कोसळला. जिथे नट उभा राहतो, नेमका त्याच्या डोक्यावरचा! वेळ रात्रीची आणि काम चालू, म्हणून कुणाचा जीव गेला नाही. त्यानंतर सुरू झाला खुलाशांचा खेळ. हा भाग नव्याने बांधलेला नव्हता, जुनाच होता, असं सरकारकडून सांगण्यात आलं. दुरुस्तीसाठी दोन वर्षं बंद ठेवलेल्या इमारतीत जुना भाग जुनाच राहिला, हा बचाव म्हणायचा की कबुली, ते ज्याने त्याने ठरवावं. त्या पडलेल्या स्लॅबच्या छायाचित्राने मात्र बऱ्याच गोवेकरांच्या डोळ्यांत पाणी आणलं.

२०२३ च्या नोव्हेंबरमध्ये अकादमीचं पुन्हा उद्घाटन झालं. दिवे चकचकीत, खुर्च्या नव्या. पडदा वर गेला आणि तक्रारी सुरू झाल्या. आवाज पूर्वीसारखा लागत नाही, प्रकाशयोजनेत गोंधळ आहे, रंगमंच नीट नाही, असं कलावंत बोलू लागले. पुढच्या पावसाळ्यात गळतीच्या बातम्या आल्या. नाटक, तियात्र, संगीत अशा सगळ्या क्षेत्रांतली माणसं ‘कला राखण मांड’ या नावाखाली एकत्र आली. ‘मांड’ हा गोव्यातला मोठा अर्थपूर्ण शब्द. गावातली ती पवित्र जागा, जिथे लोकनृत्यं आणि लोकनाट्यं होतात, जिथे पाय ठेवण्याआधी चपला काढतात. त्याची राखण करायला माणसं उभी राहिली. एरवी मराठीवाले आणि कोकणीवाले एका सतरंजीवर बसायला अनेकदा कां-कू करतात. इथे बसले. २०२४ मध्ये सरकारला कृती दल नेमावं लागलं आणि त्याच्या अध्यक्षपदी आले मुंबईचे नाट्यदिग्दर्शक विजय केंकरे. म्हणजे काम झाल्यावर, पैसे खर्च झाल्यावर, नाटकवाल्याला विचारण्यात आलं, काय चुकलं ते सांगा.

क्रम उलटा करता येतो, हे जगाने दाखवलं आहे. सिडनीचं ऑपेरा हाउस हे विसाव्या शतकातल्या सर्वांत प्रसिद्ध इमारतींपैकी एक. १९७३ मध्ये ते सुरू झालं. पण रचनाकार योर्न उत्झन यांनी सरकारशी खटके उडाल्यावर १९६६ मध्येच काम सोडलं होतं आणि आतली सभागृहं इतरांनी पूर्ण केली. बाहेरून जगाने कौतुक केलं, आत वादक कुरकुरत राहिले, की शेजारच्या माणसाचं वाद्य आम्हाला ऐकू येत नाही. त्यावर इलाज म्हणून रंगमंचावर प्लॅस्टिकची मोठमोठी कडी टांगली गेली. अखेर २०२० मध्ये संगीत सभागृह बंद करून ते २०२२ च्या जुलैमध्ये उघडलं. १५ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर लागले. पण तिथे दुरुस्तीचा पहिला हेतूच आवाज हा होता. ती कडी गेली, त्यांच्या जागी पाकळ्यांच्या आकाराचे ध्वनिपरावर्तक आले, आणि वादकांची तक्रार मिटली. त्याच्या कितीतरी आधी, १९९९ मध्ये, दुरावलेल्या उत्झन यांना पुन्हा बोलावून पुढच्या बदलांसाठी मार्गदर्शक तत्त्वंही लिहून घेतली होती.

गोव्याची ही गोष्ट ऐकून महाराष्ट्रातल्या वाचकांनी निर्धास्त होऊ नये. पुण्याचं बालगंधर्व रंगमंदिर १९६८ चं. ते पाडून मोठं संकुल बांधायची टूम निघाली, तेव्हा तिथेही कलावंतांना आंदोलनाची भाषा करावी लागली. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१५ मध्ये उभं केलेलं नाट्यगृह, पुढे संगीतसूर्य केशवराव भोसले यांच्या नावाने ओळखलं गेलेलं, ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. त्या रात्री रस्त्यावर उभं राहून ढसाढसा रडणारी माणसं नाटकातली होती, पण अभिनय करत नव्हती.

कोरियांच्या उत्तरायुष्यातलं एक मोठं काम पोर्तुगालमध्ये आहे. लिस्बनला, टॅगस नदी समुद्राला मिळते तिथे, २०१० मध्ये त्यांचं शांपालिमो संशोधन केंद्र पूर्ण झालं. ज्या काठावरून वास्को द गामाची जहाजं हिंदुस्थानच्या शोधात निघाली, त्याच काठावर गोव्याच्या वंशातल्या माणसाने इमारत बांधली आणि तिच्यातूनही माणसांना सरळ नदीकडे चालत जायला वाट ठेवली. कांपालचीच ती वाट, फक्त नदी वेगळी.

कांपालच्या दुरुस्तीचा हिशेब कागदांवर चालू राहील. अहवाल येतील, उत्तरं येतील, अहवालांवर अहवाल येतील. पण नाटकवाल्यांची स्वतःची एक जुनी तपासणी आहे. प्रयोगाच्या आधी नाट्यगृह रिकामं असताना माइक बंद करायचे, पंखे-एसी बंद करायचे. एकाने रंगमंचाच्या मागच्या कडेला उभं राहून साध्या आवाजात चार वाक्यं म्हणायची आणि दुसऱ्याने शेवटच्या रांगेत, कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून ती ऐकायची. मग भिंतीवरच्या मारिओच्या प्रेक्षकांसमोर हीच चार वाक्यं कोकणीत, आणि नंतर एक तान.